चार दिवसांची मापं

आरगच्या पानमळ्यात शिरताना चप्पल बांधावर काढायची असते.
मी काढते. नेलपॉलिशची बाटली, सेलोटेप, काचपट्ट्या
पदराआड धरून शेवरीच्या सावलीत जाते.
पारिसाकाका चौगुले अंगठ्याला पत्र्याची नखी चढवून
पानं खुडत असतात, खट्, खट्,
देठाला कळायच्या आत.

कोवळ्या पानाच्या पाठीवर मी पॉलिशचा थर देते,
वाळला की टेपनं उचलते.
टेपवर उतरतात पेशींच्या कडा:
पाचकोनी, सहाकोनी, मध्येच एखादी चुकार चौकोनी.
विमानातून वावरं अशीच दिसत असतील.
(मी विमानात बसलेले नाही.)

रात्री मिरजेच्या खोलीवर ती वावरं कॉम्प्युटरात पेरते.
प्रत्येक बांध म्हणजे एक स्प्रिंग.
प्रत्येक वावरात पाणी, पाण्याचा रेटा बाहेरच्या अंगाला.
बांध किती ताणावा, कधी सैल सोडावा,
वावर दुप्पट झालं की वाटणी कुठून करावी.
या वाटणीला तलाठी लागत नाही.
मधोमध भिंत उभी राहते
आणि दोघी लगेच फुगायला लागतात.

सकाळी पडद्यावर पान तयार असतं.
पण विड्याचं नसतं.
कधी आंब्याचं, कधी नुसता चमचा.
देठाशी जे दोन कान असतात,
ज्यांच्यावरून हे पान ओळखायचं,
ते येतच नाहीत.
सर म्हणतात, आकडे बघ.
बारा आकडे आहेत. त्यातले अकरा अंदाजाचे.

आणि मापांच्या वहीत भोक आहे.
दर महिन्याला चार दिवसांचं.
त्या दिवसांत बाईनं मळ्यात पाऊल टाकलं तर वेल जळते.
हे मला कुणी सांगितलं नाही.
मी आरगचीच; सांगावं लागत नाही.
तेवढ्या जागेवर मी सरळ रेघ मारली,
अलीकडचा ठिपका पलीकडच्या ठिपक्याला जोडून.
शास्त्रात या रेघेला भारदस्त नाव आहे.

श्रावणात पाचव्या दिवशी गेले
तर काकांनी टोपीखालून लव्हाळ्याची काडी काढली.
वेल बांधायचा तोच लव्हाळा,
त्यावर गाठी, दोन दोन, चार ठिकाणी.
"तुझ्या लाल दोऱ्याच्या पानाची. रोज उजाडता धरली."
मग नजर वेलीवर ठेवून,
"एक गाठ लांबीची, एक कानाची. व्यापारी कान बघतो."

म्हणजे माझे दिवसही त्यांनी मोजले होते,
पानासारखेच, न बोलता.
राग यावा की नाही, मला ठरवता येईना.
काडी वहीत घातली. एसटीत दोनदा उघडून बघितली.

रात्री गाठी पट्टीला लावल्या.
लांबी थांबलेली. टोक आधीच म्हातारं झालेलं.
पण कान वाढत होते,
पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, चारही दिवस.
मी जिथं रेघ मारली होती
नेमकं तिथंच पानाचं पान होत होतं.

देठाकडच्या पेशींना मी चार दिवस वाढवून दिले.
पहाटे पडद्यावर कान आले.
डावा जरा मोठा. असू दे म्हटलं.
प्रोग्रॅममध्ये त्या ओळीशेजारी टीप टाकली,
मशीन वाचत नाही अशी:
कानांची मापं पा. चौगुले, लव्हाळ्यावरून.

भाद्रपदात दुसऱ्याच दिवशी गेले.
बांधावर थांबले. तोंड कोरडं.
"काका, आज दुसरा दिवस आहे."

खट् थांबलं.
शेवरीवर होला घुमत होता, तोही थांबला असं म्हणणार होते,
पण तो घुमतच राहिला.
काकांनी नखी काढली, धोतराला पुसली, परत चढवली.
वेलीकडं बघितलं. मग माझ्या पायांकडं.

"चप्पल काढ," म्हणाले.