मऊ लागलं म्हणून

मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये,
आई म्हणायची,
आणि बोलत असायची धाकट्या काकूबद्दल.
तिला काय ठाऊक
की पन्नाशीनंतर माझ्या उजव्या मांडीत
कुणीतरी खरोखरच खणायला बसणार आहे.

शेफील्ड. सुऱ्या-कात्र्यांचं गाव.
पोलाद दोनदा मांडीत फिरलं,
दोन्ही वेळा म्हणाले, सगळं काढलं.
मग फुफ्फुसांत अकरा ठिपके दिसले
पडद्यावर, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे,
आणि डॉक्टर ॲशवर्थनी पहिल्यांदाच
खुर्ची माझ्याजवळ ओढली.
खुर्ची ओढली की समजावं.

आता सुरी नाही.
एक गोळी, सकाळ-संध्याकाळ,
आणि दर तीन आठवड्यांनी अर्ध्या तासाचं सलाईन.
गोळीचं काम असं
की गाठीने स्वतःसाठी चोरून ओढलेल्या
रक्ताच्या नळ्या बंद करायच्या.
अकोल्याला पाणीपट्टीच्या खिडकीत
सात वर्षं बसले होते मी.
बेकायदा कनेक्शन म्हणजे काय, मला नका सांगू.

सलाईनचं निराळं.
माझ्याच रक्तातल्या पहारेकऱ्यांना
ही गाठ म्हणे ओळख दाखवते,
मी घरचीच हो, म्हणते,
आणि ते बाजूला होतात.
सलाईन त्यांना सांगतं, पुन्हा बघा.
एकेकट्याने फार काही झालं नसतं.
नळ्या तुटल्या, आतली दलदल सुकली,
की पहारेकऱ्यांना वाट मिळेल,
असा हिशेब आहे.
हिशेब आहे, हमी नाही, ॲशवर्थ म्हणाले
आणि टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं.

गोळीने आधी आवाज नेला.
रविवारी भावाला फोन लावला.
कोण बोलतंय?
मी.
मी कोण?
त्याला पटवायला
लहानपणीच्या कुत्र्याचं नाव सांगावं लागलं.

तळपाय असे की मोज्याची शिवण टोचते.
ट्रामच्या थांब्यापासून वर चढताना
(हे गाव सपाट असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं)
मी दर कुंपणाशी थांबते
आणि लोकांचे गुलाब बघत असल्यासारखं करते.

पहारेकरी जागे झाले, ते चहूकडेच बघायला लागले.
त्यांनी आधी थायरॉइडला धरलं.
तिने काय केलं होतं बिचारीने?
चोर सोडून संन्याशाला फाशी.
आता तिच्याऐवजी आणखी एक गोळी, उपाशीपोटी.

केन शेजारच्या खुर्चीत असायचा.
धार लावण्यात जन्म गेलेला, दोन बोटं आखूड.
त्याची गाठ पोटातली, दुसऱ्या जातीची.
तीच गोळी, तेच सलाईन.
त्याला नाही लागू पडलं.
शर्यतीची कबुतरं विकायला काढली त्याने,
एक मला देऊ केलं, फुकट.
फ्लॅटमध्ये कुठे ठेवू, म्हटलं मी.
घ्यायला हवं होतं.

काल स्कॅनचा निकाल.
मोइराने रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता
'ऑल राइट, लव्ह?' म्हटलं,
आणि मी तिच्या चेहऱ्यावर निकाल शोधत बसले.
ॲशवर्थ आले. खुर्ची ओढली नाही.
अकरापैकी सातच आता मोजता येतात.
सहा लहान झालेत,
एक आहे तसाच.
त्या एकाकडे मी बराच वेळ बघत राहिले,
वर्गात ऐकत नसलेल्या पोराकडे बघावं तसं.
बरी झालीस, असं कुणी म्हणालं नाही.
पुढची तारीख मंगळवारची.

घरी येऊन फोन लावला.
तोच घोगरा आवाज माझा.
भावाने कोण म्हणून विचारलं नाही.
जेवलीस का, म्हणाला.
मऊ भात, म्हटलं.
तूप घालून.