शुक्रवारचा ळ

फहाहीलमध्ये शुक्रवारी नऊला आमची मराठी शाळा भरते.
म्हणजे माझ्या हॉलमधला सोफा भिंतीला लागतो,
चटईवर सात मुलं,
टीव्हीला जोडलेला लॅपटॉप,
आणि टीपॉयवर रात्रीच्या वादळाची धूळ,
जिच्यात बोटाने ग म भ न झकास उमटतं.

पुस्तकं दोनच. मागच्या सुट्टीत
बॅगेच्या वजनात लोणच्याशी भांडून आलेली.
बाकी सगळं नेटवरचं :
कुणी साताऱ्याच्या मास्तरांनी चढवलेली चित्रं,
गिरवायचे ठिपके,
आणि क कमळाचा यायच्या आधी
पुनावळ्यात दोन बेडरूम, पार्किंगसह;
मुलं एका सुरात ओरडतात, वगळा! वगळा!
हा शब्द त्यांना आला. माझ्या शिकवण्याने नव्हे.

त्या दिवशी ळ होता.
मी वाक्य टाइप केलं, बटण दाबलं,
आणि गोड आवाजाची ती बाई, जी कुठेच राहत नाही,
म्हणाली :
काल आला होता, पण वेल आली नव्हती.

अधीशने विचारलं, कुठली वेल? मनी प्लांट?
स्पृहा म्हणाली, काल कोण आला होता?
इरावती केलं सोलून खात होती.
केलं नव्हे गं, केळं.
हां. केलं.

मग मी जीभ उलटी वळवून दाखवली,
तोंडात टॉर्च मारली,
जिभेचा उभा छेद दाखवणारा व्हिडिओ लावला.
मुलांना तो जिलेबीसारखा दिसला.
सात तोंडांतून सात ल.
माझा नवरा आतून म्हणाला, सोड आता, चहा घे.

कोपऱ्यात एल्दो बसला होता.
शेजारच्या फ्लॅटमधला, वय आठ;
आईची शुक्रवारी हॉस्पिटलात ड्युटी,
म्हणून तो इथे, बिस्किटांच्या कराराने.
मराठी त्याला येत नाही.
चित्र रंगवता रंगवता, मान वर न करता,
तो म्हणाला : काळ.
म्हणाला : वेळ.
असा, की पहाटे हौदात दगड पडावा.

मी म्हटलं, परत म्हण.
त्याने परत म्हटलं. मग खांदे उडवून,
आमच्याकडे आहे की हे. वेळ्ळम म्हणजे पाणी.
पळ्ळीकूडम म्हणजे स्कूल.
अधीशला वाटलं, स्कूलमधून पळ!
सगळे हसले, आणि हसता हसता
पळ, पळ, पळ म्हणत
चटईभर धावले.
मी लॅपटॉप मिटला नाही.
त्यालाच माईक जवळ ओढून म्हटलं, एल्दो, बोल.

सकाळ. डोळा. जांभूळ. आभाळ.
अर्थ माहीत नसलेल्या शब्दांना
तो एकेक करून हात लावत गेला,
दुकानातल्या महाग वस्तूंना लावतात तसा.
मधेच एसीची घरघर,
कुणाच्या तरी कुकरची शिटी,
आणि शेवटी मशिदीतून अजान, मग मी थांबवलं.
ते सगळं तसंच वर्गाच्या पानावर चढवलं.
नावाच्या जागी लिहिलं : एल्दो, फहाहील.
भाषेच्या जागी बराच वेळ काही लिहिलं नाही.

जूनमध्ये त्याच्या आईचं कॉन्ट्रॅक्ट संपलं.
इथे असंच. एका गुरुवारी लिफ्टपाशी खोकी दिसतात,
शनिवारी दारावर नवी पाटी.
जाताना त्याने रंगपेटी इरावतीला दिली,
हिरवा सोडून. हिरवा खिशात घातला.

आता नवीन मुलं येतात. बटण दाबलं की
एसीच्या घरघरीतून तो म्हणतो, सकाळ,
आणि चटईवरून सकाळ परत येते,
किंचित कोट्टयमकडे झुकलेली.
एका आईने परवा तक्रार केली,
ताई, घरी जरा जास्तच जोर देते हो ळवर.

देऊ दे, म्हटलं.
शिटी झाली की सगळी एकदम म्हणतात, कुकर!
तोही पाठात आहे, असं त्यांना वाटतं.