मरीना बास, मॉडेल दोन

पाठीमागच्या पितळी पट्टीवर कंपनीचा पत्ता होता,
त्यातला अर्धा खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला.
उरलं ते एवढंच : दत्त अँड सन्स, कलकत्ता,
आणि एक आकडा, चारशे सतरा.
तेवढ्यावर हे पत्र टाकतोय.

पुन्हा काढा तो बास.
चार तारांचा, मरीना, मॉडेल दोन,
कोय धरायच्या आधीच्या कैरीच्या आतला रंग.
कॅटलॉगात तुम्ही त्याला समुद्रफेस म्हटलं होतं.
आमच्याकडे फेस गढूळ असतो,
पण असो.

वेंगुर्ल्यात तो एकच होता, इनास ब्रिटोचा.
दिवसा बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा इनास,
रात्री सी ब्रीझ ऑर्केस्ट्रात डावीकडे, मागे,
बधिर बोटं काखेत धरून ऊब आणायचा
आणि मग वाजवायचा.
मी अँप्लिफायर उचलायचो. बस्स, तेवढंच माझं काम.
लोक गाणारीकडे बघत.
बासकडे कुणी बघत नाही,
तो थांबला की मात्र मांडवातली माणसं
काहीतरी हरवल्यासारखी खिसे चाचपतात.

एक विनंती : त्याचा गुंगाट काढू नका.
शिरोड्याच्या लग्नात, ऐन पंगतीत,
इनासनं तिसऱ्या तारेवर बोट ठेवलं
आणि कर्ण्यातून रेडिओ बोलला :
मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.
आधी हशा झाला.
मग नवऱ्याचा बाप हात न धुताच उठला,
तसाच धावला बंदरावर.
दोन होड्या सुटायच्या होत्या, त्या थांबल्या.
दुसऱ्या दिवशी त्यानं तारांचा नवा संच पाठवला
आणि टोपलीभर सुरमई.
म्हणाला, "तुमचा ह्या लाकूड माझ्यापेक्षा शहाणा."

तर तो दोष जसाच्या तसा हवा.
मानही जाड ठेवा, वजनही तेवढंच,
खांद्यावर पट्ट्याचा वळ उठायला हवा.

पण जुना करून देऊ नका.
ऐकतो की परदेशात नव्या गिटारींना कानस मारतात,
रंग खरवडतात आणि दुप्पट भावानं विकतात.
आम्हाला त्याचे पैसे लावू नका.
इथली हवा दोन पावसाळ्यांत स्क्रू खाते,
ओरखड्यांचं आम्ही बघून घेऊ.

चारशे सतरा कुठं आहे, विचाराल.
इनास बहारीनला गेला तेव्हा कुडाळच्या बेंजो पार्टीनं घेतला,
त्यांच्याकडून कुणी, त्याच्याकडून आणखी कुणी.
गेल्या मे महिन्यात तारकर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये दिसला,
भिंतीवर, तारा नाहीत,
पोटावरून दिव्यांची माळ गेलेली,
खाली पाटी : हात लावू नये.
मी लावला.
इनासच्या पट्ट्याच्या बकलाचा ओरखडा
होता तिथंच होता, लिहिताना पेन घसरावं तसा.
किती घेणार, विचारलं.
मॅनेजर म्हणाला, तो विकायचा नाही, डेकोरेशन आहे.

सावंतवाडीचा एक चितारी म्हणतो,
फणसाच्या लाकडात हुबेहूब करून देतो,
रंगही तोच, पट्टीही तीच,
फक्त वाजायचा नाही.
मी हो म्हटलं नाही,
नाही म्हणायलाही अजून गेलेलो नाही.

इनासला हे काही माहीत नाही.
तो आता मुलीकडे मडगावला असतो,
एका कानानं ऐकतो, आणि तोही उजवा.
वाजवणार कोण, असं तुम्ही विचारलंत
तर माझ्याकडे उत्तर नाही.
अँप्लिफायर आहे. पुसून ठेवतो.

एकच काढायला परवडत नसेल तर सांगा,
मालवण, देवगड, रत्नागिरीपर्यंत फिरून
नावं गोळा करीन, पाचसहा तरी निघतील,
गणपतीत दोन वाढतील.
फोन सातनंतर करा.
त्याआधी मी धक्क्यावर असतो,
तिथं वाऱ्यात वरचे सूर उडून जातात,
खालचे तेवढे पोचतात.

पार्सल कुडाळ स्टेशनवर उतरवा.
हमालीची काळजी करू नका,
मला उचलायची सवय आहे.