लाभ, दोन, तीन

मंगळवार-शुक्रवार, सिव्हिलच्या मागच्या इमारतीत,
त्र्यंबक नाक्याचे हॉर्न ज्या खिडकीतून आत येतात
तिच्याखाली दोन पलंग.
एकावर मी, एकावर पुंजाराम.
दोघांच्याही घोट्याला एकेक किलोची वाळूची पिशवी.

एक किलो.
हसू येतं, पण हसलं की कंबरेत चमक जाते.

जेल रोडला पत्र्याची शेड होती, बोडके सरांची.
मे महिन्यात बार इतका तापायचा
की ओल्या पंचाने पुसून मग हात लावायचा.
चौपन्न किलोची मी, एकशे दोन किलो डोक्यावर,
आणि हातांच्या घड्यांत राहिलेली खडूची पूड
घरी भाकरी थापताना पिठात उतरायची.
आई म्हणायची, हात तरी धू बाई.
सर म्हणायचे, दुखतंय म्हणजे वाढतंय.
इम्फाळला निघायच्या आदल्या दिवशी गुडघ्यात सुई घेतली,
रौप्य घेऊन आले.
ते कपाटात काळं पडलंय.
सुईचं मात्र अजून चालू आहे.

गुडघे आता माझ्याआधी उठतात,
पहाटे साडेचारला, करकर,
तेल न मिळालेल्या साखळीसारखे.
डावा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी लेक घालते.
भाचीच्या हळदीला सगळ्या जणी खाली सतरंजीवर
आणि मी खुर्चीत, सत्तरीच्या मावश्यांच्या रांगेत,
वय वर्षं एकोणपन्नास.
"तू तर पैलवान ना गं?"
कोणीतरी विचारतंच.

पुंजारामची एकतीस वर्षं पंचवटीच्या मार्केट यार्डात गेली.
कांदा, बटाटा, कधी सिमेंटसुद्धा.
ट्रकपासून गाळ्यापर्यंत एक फळी,
फळीवर तो, त्याच्यावर गोणी.
पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं,
ताई, तुम्ही कुठल्या गाळ्यावर होता?
मी म्हटलं, नाही हो, मी वजनं उचलायचे.
तो म्हणाला, ते कळलं. पण कोणाची?

एकदा कंपाउंडरने आमची पाकिटं अदलाबदल केली.
उजेडाच्या काचेवर लावलेली कंबर डॉक्टरांनी पेनाने दाखवली:
इथे गादी झिजली, इथे मणका मणक्यावर बसलाय.
मी मान हलवत राहिले.
फिल्मच्या कोपऱ्यात नाव त्याचं होतं.

त्याला सांगितलं, आमच्याकडे वर नेलं की झालं,
पंचाने खूण केली की बार सोडून द्यायचा,
धाडकन पडू द्यायचा, लोक टाळ्या वाजवतात.
तो बराच वेळ छताकडे बघत होता.
मग म्हणाला, आम्ही टाकली असती
तर फुटलेल्या गोणीचे पैसे शेठने कापले असते.

परत करशील का, असं लेक विचारते.
तिला काय सांगू.
बार मांड्यांवरून सुटतो आणि आपण त्याच्याखाली शिरतो,
तेवढ्या अर्ध्या सेकंदात लोखंडाला वजनच नसतं.
ते कुणाला दाखवता येत नाही, एक्सरेत तर नाहीच.
पुंजारामला सांगून पाहिलं.
असेल, म्हणाला, आमच्या गोणीला कधी आलं नाही तसं.

सिस्टर ओरडते, चला, दहा वेळा, पाय सरळ, श्वास रोखू नका.
मला आकडे मोजायचा कंटाळा,
आयुष्यभर किलोच मोजले.
तर तोच मोजतो, दोघांचं मिळून,
यार्डातल्या काट्यावर मोजायचा तसं,
एक म्हणत नाही कधी.

लाभ, म्हणतो तो,
आणि दोन म्हातारे होऊ घातलेले पाय
गादीपासून वीतभर वर येतात,
थरथरतात.
लाभ.
दोन.
थांब, म्हणते मी, माझा अजून खाली आला नाही.