मुलाखत क्रमांक सात

दोंदे साहेब, माजी सभापती,
गोदेच्या प्रश्नावर एक तास बावन्न मिनिटं बोलले.
मी उतरवून घेतोय, शब्दाला शब्द.

बाविसाव्या मिनिटाला चहा आला, कपबशी वाजली,
आणि ते म्हणाले, हे घेऊ नका.
घेतलं नाही.
कपबशी तेवढी राहिली.

कुंडांच्या तळाशी सिमेंट ओतायचं ठरवलं कोणी, विचारलं
तर तीन समित्यांची नावं धडाधड सांगितली.
चौथीचं आठवेना.
इथे रेकॉर्डरवर नुसता पंखा, अकरा सेकंद.
लिहायच्या पद्धतीप्रमाणे मी लिहिलं: (विराम).

सहा नंबरचे गायधनी सर, भूजलवाले,
नकाशा पसरून झरे दाखवत होते,
हा इथे, हा इथे, हा बघा, हा तर अजून जिवंत असेल
आता ऐकताना एकही सापडत नाही,
फक्त बोट कागदावर घासत जातं.

मशीन बंद करायच्या आधी
दोंदेंना सहज विचारलं,
तुमच्या लहानपणी पूर कुठवर यायचा हो?
साहेब हसले. खुर्ची मागे सरकली.
दुतोंड्या मारुतीसारखे ताठ उभे राहिले,
हात आधी कमरेला लावला, मग छातीला,
मग गळ्याशी नेला आणि तिथेच ठेवला.
"इथवर.
आई सराफ बाजारातून हाका मारत होती."
सत्तरीच्या माणसाचा दहा वर्षांचा आवाज.

हात काही रेकॉर्ड होत नाही.
"इथवर" म्हणजे नक्की कुठवर,
संपादक उद्या समासात विचारतील.