बेचाळिसावं नाव

स्टेन्सिलवर जागा एकेचाळीस ओळींची
आणि वर्गात आम्ही बेचाळीस.
सिलुंग्वे बाई म्हणाल्या, बसव कसंतरी,
दुसरा कागद मिळायचा नाही.
लुआन्श्याच्या शाळेत, फॉर्म फाइव्हच्या शेवटच्या आठवड्यात,
माझं अक्षर बरं म्हणून
सगळ्यांचं भविष्य लिहायचं काम माझ्याकडे आलं.

खिडकीबाहेर नीलमोहराचा सडा,
त्यापलीकडे खाणीचा भोंगा, पाळी सुटल्याचा.
मी लोखंडी लेखणीनं कोरत बसले:
चिलेशे विमान चालवेल.
(तिला झोपाळ्यावरही भोवळ यायची,
माझी वही तिनं भिजवली होती, त्याचा हा सूड.)
काबासो खाणीत मॅनेजर, डोक्यावर पांढरं हेल्मेट.
कटोंगोला सात मुली.
बुपे लंडनला जाईल आणि कुणाला पत्र पाठवणार नाही.
मुटिन्टा न्यायाधीश;
पहिली शिक्षा आपल्या हेडमास्तरांना.

हसले सगळे. सायक्लोस्टाइलची शाई
बोटांना लागली, कुणाच्या गालाला.
रात्री भट्टीचा लाल गाळ ओतला की आभाळ पेटायचं,
त्या उजेडात वसतिगृहाच्या पायरीवर
आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं ते.

कुणालाच मारलं नव्हतं मी त्या कागदावर.
सतराव्या वर्षी हाताला ते सुचत नाही.

चिलेशे एकोणतिसाव्या वर्षी गेली.
आजाराचं नाव घ्यायचं नाही असं न बोलता ठरलेलं,
म्हणून छाती, म्हणालो आम्ही, छातीचं होतं तिला.
मग कटोंगो. मग त्याची बायको.
मुली दोनच, त्या आजीकडे.
तीन वर्षांत माझं काळं चितेंगे
धुऊन धुऊन राखाडी झालं
आणि मी नवं घेतलं नाही,
उगीच बोलावणं नको म्हणून.

काबासो आता बंद खाणीच्या फाटकावर रखवालदार.
हेल्मेट पांढरंच आहे.
तेवढं बरोबर आलं, मी म्हणते,
तो हसतो, पण फाटकाकडे बघत.
बुपे गेली, लंडनला नाही, लेस्टरला,
म्हाताऱ्यांना आंघोळ घालते.
तिथून दर महिन्याला पत्र,
पाकिटात त्यांच्या अंगाला लावायच्या पावडरीचा वास.
मुटिन्टाचं काहीच कळलं नाही.
तिला मी अजून न्यायाधीशच ठेवलंय.

आणि न्सोफ्वा.
शेवटच्या बाकावर मोडक्या खुर्च्यांना खिळे ठोकणारा न्सोफ्वा,
ज्याला मी म्हणाले, जागा संपली रे.
जागा काढता आली असती.
दोन ओळी जवळ घ्यायच्या, झालं.
त्याचं पुढचं मला दिसतच नव्हतं,
किंवा दिसत होतं
आणि सगळ्या वर्गासमोर ते कोरायची लाज वाटली.

बाजारात माझी कापेंटाच्या सुकटीची टपरी आहे.
शनिवारी तो सायकल टेकवतो, चष्म्याची काडी तारेनं बांधलेली.
मग, सुचलं का?
तू बिशप होशील, मी म्हणते.
किंवा, तुझा तांब्याचा दात असेल
आणि लोक तो बघायला एन्डोलाहून येतील.
तो नीट विचार करतो.
दात चालेल, म्हणतो.

परवा त्यानं खिशातून तो कागद काढला.
घडीवर फाटलेला, शाई तपकिरी पडलेली,
आणि एकेचाळिसाव्या ओळीखाली
पेन्सिलीनं, पट्टी धरून, आखलेली एक रेघ.
रेघेच्या आधी आकडा. पुढे काही नाही.

आण इकडे, मी म्हणाले, आता लिहिते.
माझा हात मिठानं पांढरा झालेला.
त्यानं कागद होता तसा घडी केला, खिशात ठेवला,
खिशाचं बटण लावलं.
राहू दे, म्हणाला.
मापावर मूठभर जास्त घाल,
आणि डोकी नकोत, मागच्या वेळी नुसती डोकीच होती.