शेवटचा नळ

रात्री अडीचला चेंबरचं झाकण सरकवतो,
चार फुटी चावी आत सोडून
बावीस आटे फिरवतो.
पाणी सुटतं. ते मला तळपायाला कळतं.
सव्वीस वर्षं झाली, साखर पेठेचं पाणी मीच सोडतो,
पाच दिवसांतनं एकदा.

मोठी लाइन सहसा अडत नाही.
अडतं ते पुढं,
जिथं चार इंचीची दोन होते, दोनची अर्धी,
बोळ वळतो, पुन्हा वळतो,
आणि शेवटच्या उंबऱ्याशी
घागर घेऊन बसलेली अंबक्का विचारते,
"का ओ, आमच्याच नळाला काय झालंय?"
मी बॅटरी मारतो, तोटी हलवून बघतो.
"लाइन क्लिअर हाय मावशी. प्रेशर फुल्ल."

माझी बायको सत्तव्वा विडी वळते.
मांडीवर सूप, दिवसाला हजार.
जिना चढताना छातीवर कुणीतरी
भिजलेली चादर टाकल्यासारखं होतं, म्हणायची.
साखर बारा वर्षांची, धाकट्या पोरीएवढी.

सात रस्त्याच्या दवाखान्यात
तिच्या मनगटातनं तार घातली,
पडद्यावर काळ्या फांद्या हलल्या.
"तिन्ही नळ्या स्वच्छ. ब्लॉक नाही. न्या घरी."
मी पेढे वाटले,
वॉर्डबॉयपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत.
अर्धा तिलाही दिला. मीच भरवला.

मग वर्षभर ती म्हणायची, दुखायलंय.
मी म्हणायचो, फोटो स्वच्छ आलाय.
सासू म्हणाली गॅस. थोरला म्हणाला टेन्शन.
ब्लॉकच नाही तर गोळ्या कशाला,
म्हणून त्या डब्यात राहिल्या,
आणि साखरेची, आठवली तर.
रात्री ती उशीला टेकून बसायची, आडवी होत नव्हती.
मी कूस बदलायचो. अडीचला उठायचं असायचं मला.

गड्ड्याच्या गर्दीत, होम मैदानावर,
पोरीला पाळण्यात बसवलं
आणि सत्तव्वा तिकिटाच्या खिडकीखाली बसली.
ओरडली नाही.
या वेळी दुखलंसुद्धा नव्हतं, नुसता घाम आणि दम.
साखरेनं दुखणं सांगणारी शीरच बधिर केली होती,
हे नंतर कळलं.

इंडीकर मॅडम वयानं आमच्या थोरल्याएवढ्या.
चिठ्ठीच्या पाठीमागं त्यांनी तीन जाड रेघा काढल्या,
"फोटोत दिसतं ते एवढंच."
मग रेघांच्या टोकांना केसासारख्या बारीक,
काढतच राहिल्या, कागद संपेपर्यंत.
"काम वाढलं की या फुलायला पाहिजेत.
साखर यांना ताठ करते.
ब्लॉक नसलेल्यांतही ज्यांना साखर असते
ते जास्त वेळा परत येतात इथं.
कुणाचं हृदय थकतं. कुणी..."
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"टेल एंड," मी म्हणालो.
"काय?"
"काही नाही मॅडम. आमच्या खात्यातला शब्द आहे."

घरी येताना रिक्षात
अंबक्काची घागर आठवत राहिली.
किती वर्षं कोरडी, आणि मी
कागदावर सही करायचो: पुरवठा सुरळीत.
सत्तव्वाच्या कागदावर तर
मी पेढा ठेवला होता.

आता पंपिंग पस्तीस टक्के.
गोळ्या सात, रंगांवरनं ओळखते.
शेंगाचटणीत मीठ नाही म्हणून रोज एकदा भांडते,
ते मला बरं वाटतं.
तीन महिन्यांची साखर दहावरनं आठवर आलीय.
आठ म्हणजे चांगलं नाही, मॅडम म्हणाल्या,
पण दहा नाही.

चावी फिरवून मी आता परत फिरत नाही.
पाण्यामागनं चालत बोळाच्या टोकाला जातो,
लोखंडी दांडा नळीला टेकवतो, दुसरं टोक कानाला.
आधी हवा येते, खोकल्यासारखी.
मग बराच वेळ काही नाही.
अंबक्का दारात उभी असते, तीही बोलत नाही.

साडेपाचला घरी.
सत्तव्वा उशीला टेकून जागीच.
"आलं का पाणी तिच्याकडं?"
"करंगळीएवढं."
तिच्या पाठीला कान लावतो.
तंबाखूचा वास, आणि आत कुठंतरी सूं सूं.
"काय ऐकायलाव एवढं?"
"बोलू नको," मी म्हणतो. "बारीक असतंय ते."